पाव फेरा उलटा

…आणि खालच्या अंगाला ती बारीक रबरी कडी, अजून ओलसर, बोट टेकवलं की पेट्रोलचा गारवा देऊन क्षणात कोरडी होणारी. वर करड्या प्लॅस्टिकची चकती, चकतीच्या मधोमध एक चपटा कान—कान उभा करायचा, पाव फेरा फिरवायचा, कान आडवा पाडायचा, की टाकी बंद. एवढंच ते झाकण. तळहातावर ठेवलं तर अर्धा तळहातसुद्धा भरत नाही, आणि ह्याच्यापायी काल दुपारपासून घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. कुणी म्हणजे तरी काय, दोघंच तर आहेत घरात. मुलगी शिकायला बाहेरगावी.

ती दाराजवळच्या बाकावर बसली होती आणि शेजारी, बाकावरच, नवं मशीन होतं—झाडं पाडायची साखळीची करवत, पण धंद्यात तिला करवत कुणी म्हणत नाही, नुसतं मशीन म्हणतात, जसं घरातल्या कर्त्या माणसाला नावाने कुणी हाक मारत नाही. मशीनला दोन तोंडं. मागचं पेट्रोलचं, पुढचं साखळीच्या ऑइलचं. दोन्ही भरायची, दोन्ही बंद करायची, फडक्याने पुसायची आणि मशीन नवऱ्याच्या हातात द्यायचं, हे वीसेक वर्षं तिचं काम. आजपासून नव्हतं. तरी झाकण उघडून ती बसली होती, कारण सकाळी उठल्यावर हात आपोआप इकडे आला, आणि आता ते परत लावावं की तसंच ठेवावं हेसुद्धा तिला कळेना.

लावलं तिने. लावून परत बघितलं. मग स्वतःचाच राग आला.

काल दुपारी, एका बंगल्याच्या कुंपणाला लागून असलेलं झाड कापताना, मागचं झाकण निघालं होतं. नुसतं निघालं आणि आपल्या दोरीला लोंबकळत राहिलं, आणि टाकीतलं पेट्रोल नवऱ्याच्या मांडीवर. आग लागली नाही, नशीब—तापलेलं मशीन, ठिणगी उडायला कितीसा वेळ—पण त्याने चटकन बटण दाबून मशीन बंद केलं, बाजूला झाला, विजार धुतली, मांडी धुतली. कातडी लाल झाली होती. तिने धावत जाऊन टाकी परत भरली, झाकण लावलं, पुसलं. आणि मशीन त्याच्याकडे दिलं, तेव्हा… तेव्हा त्याने अंगठा लावून झाकण दाबून बघितलं.

बस, एवढंच. अंगठा लावला, दाबला, काढला. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. दोर ओढणारा त्यांचा जुना जोडीदार—काहीही झालं तरी ‘सावकाश, सावकाश’ म्हणतो म्हणून ज्याचं नावच सावकाश पडलंय—तो शेजारी उभा होता, त्याच्याही ध्यानात आलं नाही. पण तिला वाटलं, भर रस्त्यात कुणीतरी आपली पिशवी उघडून आत काय आहे ते बघितलं.

कारण वीसेक वर्षांत त्याने कधी बघितलं नव्हतं. तशी रीतच होती त्यांची. जो भरतो तो झाकण लावतो, जो लावतो त्याची जबाबदारी, आणि कापणाऱ्याने बघायचं नाही. कापणाऱ्याचं लक्ष झाडावर पाहिजे. तो झाकणाचा विचार करायला लागला की तेवढा झाडाचा विचार कमी झाला, आणि झाडाला ते बरोबर कळतं. म्हणून तो झाडाकडे तोंड करूनच उभा राहायचा, वर फांद्यांकडे बघत, आणि नुसता एक हात मागे करायचा. मागे न बघता. उघडा तळवा. त्या तळव्यात ती मशीनची मूठ ठेवायची, बोटं मिटायची, आणि तो पुढे निघून जायचा. लग्नात हातात हात दिला तेव्हा काही वाटलं नव्हतं तिला, खरं सांगायचं तर फोटोवाला सारखा मान वळवायला सांगत होता म्हणून मान दुखत होती. पण त्या मागे केलेल्या हातात मूठ ठेवताना प्रत्येक वेळी छाती जराशी वर यायची. प्रत्येक वेळी. कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

आणि काल संध्याकाळी मांडीला मलम लावता लावता तो म्हणाला. रागावून नाही, रागावून म्हणाला असता तर तिनेही तोंड सोडलं असतं आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं. मऊ आवाजात म्हणाला, आजाऱ्याशी बोलतात तसा.

“उद्यापासून टाक्या मीच भरत जाईन. तू दोराकडे बघ.”

ती म्हणाली, बरं.

बरं! काय बरं? ती रात्री कूस बदलत स्वतःला विचारत राहिली होती आणि आत्ताही विचारत होती. वीस वर्षं मशीनच्या बुडाला तेलाचा डाग नाही. दुरुस्तीवाला सांगतो सगळ्यांना—सगळ्यांची मशीनं त्याच्याकडे येतात ती खालून काळी, चिकट, भुशाचा लगदा चढलेली, साखळीचं ऑइल झिरपून झिरपून. एक ह्यांचंच मशीन कोरडं. ‘वहिनींच्या हाताचं झाकण’ असं म्हणतो तो, आणि दुसऱ्या टोळ्यांतली माणसं ते ऐकून तिच्याकडे बघतात तेव्हा ती इकडेतिकडे काहीतरी शोधत असल्यासारखं करते. शोधत काही नसते. ऐकत असते.

बाबांचा हात तो. बाबा प्लंबर होते, आणि घरात दोन भाऊ असूनही आटे बसवायचं शिकवलं ते तिलाच, कारण भावांना जोर फार होता. आटे म्हणजे ती फिरत जाणारी चर. नळाला असते, बाटलीच्या बुचाला असते. कुठलंही झाकण लावताना बाबा आधी उलटं फिरवायचे. डावीकडे, हलकेच, पाव फेरा, अर्धा फेरा… मग बोटांना एक बारीकसं ‘कट्’ लागतं, झाकण केसभर खाली बसतं, आटा आट्याला भेटतो. तिथून सुलटं. मग ते कधी तिरकं जात नाही, कधी गळत नाही. आणि घट्ट करताना म्हणायचे, “घट्ट कर म्हणजे जीव घे असं नाही.” वीस वर्षं जुन्या मशीनची दोन्ही झाकणं तिने तशीच लावली. उलटं, कट्, सुलटं, थांब. हात स्वतःच करायचा, ती तेव्हा मुलीच्या परीक्षेचा किंवा भाजीचा विचार करत असायची.

मग जुन्या मशीनने मान टाकली, आणि परवा हे नवं आलं. दुकानदाराने टेबलावर ठेवून झाकण दाखवलं. तिने आपल्या सवयीने उलटं फिरवायला घेतलं तर तो हसला, म्हणाला, वहिनी, हे जुन्यासारखं नाही, ह्याला उलटंसुलटं काही नाही, ठेवायचं, पाव फेरा फिरवायचं, कान पाडायचा. लहान मूलसुद्धा करेल.

लहान मूलसुद्धा करेल. आणि मला जमलं नाही.

सकाळपासून ती बोटांची परीक्षा घेत होती. नळ बंद केला आणि तोटीखाली थेंब पडतोय का बघत उभी राहिली. बरणी लावली, उपडी करून बघितली. ब्लाऊजचं वरचं हूक पहिल्या खेपेला लागलं नाही, तर लागल्यावर काढून परत लावून बघितलं. थंडीत अलीकडे करंगळीच्या शेजारचं बोट आखडतं, हे खरं. सुई ओवताना दोरा दोनदा चुकतो, हेही खरं, पण ते डोळ्यांचं असेल. डोळ्यांचंच असेल. पन्नाशी आली म्हणून काय हात लगेच परका होतो? आणि झाला असेल तर—ह्यांना तो माझ्याआधी कळला असेल तर… तिला एकदम वाटलं की तो आजपासून टाक्या भरणार, मग पुढच्या महिन्यात म्हणणार, एवढं उन्हातान्हात कशाला येतेस, घरी थांब. तेही मऊ आवाजात. आणि ती तेव्हाही म्हणणार, बरं.

“निघायचं?” आतून बूट वाजवत येऊन त्याने विचारलं. तिने मशीन बाकावरून उचललं आणि जमिनीवर ठेवलं. त्याच्या हातात दिलं नाही. त्याने ते जमिनीवरून उचललं.

गाडीत सावकाश मधे बसला होता आणि आपल्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगत होता, त्यामुळे बरं झालं. दोघांनाही बोलावं लागलं नाही. काम होतं एका दवाखान्याच्या मागच्या आवारात. तिथे धुतलेल्या चादरी वाळत घालायच्या तारा, रिकाम्या खोक्यांचा ढीग, पाण्याच्या टाकीखालची बुटकी खोली, आणि त्या खोलीवर झुकलेलं एक जुनं थोरलं झाड. बुंधा एका बाजूने पोकळ. झाड पडणारच होतं; प्रश्न एवढाच होता की ते स्वतःच्या मनाने खोलीवर पडणार की ह्यांच्या मनाने मोकळ्या जागेत. अशी झाडं तिला आवडत. अशा झाडांनाच लोक त्यांना बोलावत, आणि इतरांना नाही, हेही तिला आवडे.

त्याने मशीन खोक्यांच्या ढिगाजवळ नेलं, डबा उघडला आणि टाकी भरायला बसला. ती दोराची वेटोळी सोडवत होती. बघायचं नाही असं ठरवून ती बघत होती. त्याने मशीन आडवं ठेवलं ते नीट, पण तोंडाभोवतीचा भुसा झटकला नाही, फुंकर मारली नाही, तसंच उघडलं. ऑइल ओतताना ऑइलची धार बाहेर. पुसायला फडकं हवं म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी विजारीला हात पुसला. ती मनात म्हणाली, वा. दोन टाक्या भरायला ह्या माणसाला एवढा पसारा लागतो, आणि मला कधी कुणी म्हटलं का, वा? पण तेवढ्यात त्याने कान पाडला, उठला, सवयीने झाडाकडे वळला, आणि त्याचा एक हात मागे आला. उघडा तळवा. मागे कुणी नव्हतं. मशीन त्याच्याच दुसऱ्या हातात होतं. त्याने हात खाली घेतला, आणि विजारीला परत एकदा पुसला.

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सकाळचा वेळ फांद्यांत गेला. सावकाश वर चढून लहान मशीनने फांद्या छाटत होता, ते मशीन एवढंसं, बुंध्याला त्याचं पातं पुरत नाही; ती खालून दोराने फांद्या उतरवत होती आणि नवरा त्यांचे तुकडे करत होता. जेवून झाल्यावर नुसता बुंधा उरला, उंच, झुकलेला, बोडका. वरच्या टोकाला जाड दोर बांधला होता, दोराचं दुसरं टोक आवाराच्या पलीकडच्या खांबाशी—दांडा पुढेमागे करून दोर ताणायचं एक यंत्र असतं, त्यात. दांड्यावर ती आणि सावकाश. तिथून तिला त्याची पाठ दिसत होती.

त्याने पुढून बुंध्याला खाच पाडली, मोकळ्या जागेकडे तोंड करून. सुरेख पाडली, रागातही तिला म्हणावं लागलं, सुरेख पाडली. मग मागे गेला आणि मागून कापत आत यायला लागला. हे कापणं अर्ध्यात सोडायचं नसतं. खाच आणि मागचा काप ह्यांच्या मधे लाकडाची एक पट्टी राहते, तिच्यावर अख्खं झाड बिजागरीसारखं फिरून खाली येतं. पट्टी जाड राहिली तर झाड अडतं, आणि वाऱ्याने हललं तर ती पट्टी कुठल्या बाजूने फाटेल ते कुणी सांगू नये. त्याने कापात एक पाचर ठोकली. ती दांडा एकेक घर पुढे घेत गेली. सगळं घड्याळासारखं चाललं होतं आणि तिला वाटत होतं, बघा, ह्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. आणि नेमकं त्याच वेळी मशीनचा आवाज तुटला.

तो दोन पावलं मागे सरला होता. मांडीकडे बघत होता. कालचीच मांडी. मशीनच्या बुडाखाली झाकण दोरीला लोंबत होतं आणि विजारीवरून ओल खाली पसरत चालली होती. वर बुंध्याचं टोक थोडंसं हललं—वारा सुटायला लागला होता.

“सावकाश,” तिच्या शेजारी सावकाश म्हणाला, पण ह्या वेळी हळू, स्वतःलाच.

नवरा मशीन घेऊन खोक्यांच्या ढिगाकडे गेला, झाडापासून लांब, बरोबर गेला. मांडीवर पाणी ओतून घेतलं. मशीन आडवं केलं, डबा उचलला, टाकी भरली. झाकण ठेवलं. फिरवलं. झाकण फिरलं ते फिरतच राहिलं. कान पाडला, पडला. बोट लावलं, झाकण हातात आलं. परत ठेवलं. जोर लावला. परत हातात. त्याने झाकण तोंडाजवळ नेऊन फुंकलं, पुसलं, परत ठेवलं, आणि ह्या वेळी तळव्याने दाबून…

जावं का? ती दांडा धरून उभी होती आणि तिच्या आत दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती, जा, झाड अर्धं कापून उभंय, वारा सुटलाय, ही मानापमानाची वेळ आहे का. आणि दुसरी, जिचा आवाज मोठा होता, म्हणत होती, बोलावू देत, हाक मारू देत, वीस वर्षं मी न बोलावता गेले म्हणूनच तर माझं जाणं दिसलं नाही, आज एकदा ‘अगं’ म्हणू देत, आज एकदा वळून बघू देत. तो वळला नाही. तो झाडाकडे बघत होता, वर टोकाकडे, वाऱ्याचा अंदाज घेत, कपाळाला आठ्या, आणि त्याच्या डाव्या हातात ते झाकण होतं आणि त्याची बोटं झाकणाशी चाळा करत होती. विचार करताना तो हातात येईल ते फिरवतो. किल्ल्यांचा जुडगा, पेनाचं टोपण, काहीही. आणि लांबून, उन्हात, तिला दिसलं की झाकण अख्खं फिरत नाहीये. कान धरलेला, आणि नुसती खालची चकती फिरतेय. ते एक झाकण नव्हतं. ती दोन होती, एकात एक बसवलेली.

आणि परवा संध्याकाळ. तो पायरीवर बसलेला, मांडीवर नवं मशीन, कानाला फोन, मुलीला सांगत होता की हो गं, एकदम भारी मशीन, आवाज ऐकशील तर… आणि बोटं झाकणाशी.

तिच्या छातीत एकदम काहीतरी मोकळं झालं, आणि तो आनंद चांगल्या माणसाचा नव्हता, हे तिला त्याच क्षणी कळलं, तरी तिने तो होऊ दिला. माझी बोटं ठीक आहेत. खालची चकती ह्यांनी फिरवून ठेवली, तिचे दात जागेवर नव्हते, कान पडला तरी मशीनच्या थरथरीने झाकण सुटणारच, मग वरून काय लावणार कपाळ! माझी बोटं ठीक आहेत. पण आनंद पुरता वर येतो न येतो तोच दुसरं काहीतरी त्याच्यामागून आलं: ठीक आहेत, तर मग काल कळलं कसं नाही? चकती फिरलेली होती आणि मी कान पाडला आणि ‘झालं’ म्हटलं. उलटं फिरवलं असतं तर ‘कट्’ भलत्याच जागी लागलं असतं, हात अडला असता. दुकानदार हसला म्हणून मी माझ्या हाताचं ऐकायचं सोडलं. मी. ह्यात ह्यांचा काही संबंध नाही.

तिने दांडा सावकाशच्या हातात दिला आणि चालत गेली. धावत नाही. तारांवरच्या चादरींच्या कडेने, पदर खोचत, चालत गेली.

“द्या,” ती म्हणाली.

त्याने दिलं. तिने झाकण उलटं करून बघितलं, खालची चकती बोटाने हलवून बघितली. मग टाकीच्या तोंडाभोवती फुंकर मारली, झाकण ठेवलं, कान दोन बोटांत धरला आणि डावीकडे फिरवलं. हलकेच. कट्. खालची चकती टाकीच्या तोंडात अडकली. आता तिने वरचा कान आणखी पाव फेरा उलटा नेला, आणि बोटांच्या टोकांना कळलं की खालचं जागेवर थांबलंय आणि वरचं त्याच्यावर येऊन बसलंय, दोघं समोरासमोर. मग सुलटं. पाव फेरा फिरून झाकण थांबलं, जिथे थांबायला हवं तिथेच, आणि बोटंही थांबली. कान पाडला. फडक्याने मशीनची कूस पुसली. ह्या सगळ्याला फार वेळ लागला नाही, पण ती त्या अख्ख्या वेळात एकदाही त्याच्याकडे बघत नव्हती, आणि तो एकदाही दुसरीकडे बघत नव्हता.

तिने मशीन पुढे केलं. तो झाडाकडे तोंड करून उभा नव्हता. तिच्याकडे तोंड करून होता. अंगठा झाकणाकडे गेला नाही. त्याची नजर तिच्या बोटांवर होती.

“काय केलंस?”

“आधी झाड,” ती म्हणाली.

तो गेला. ती दांड्यापाशी परत आली, आणि मशीन सुरू झाल्याचा आवाज ऐकताना तिला वाटलं होतं तो आनंद झाला नाही, वेगळंच काहीतरी व्हायला लागलं. कारण दांडा एकेक घर पुढे घेताना ती ते ‘काय केलंस’ परत परत ऐकत होती, आणि प्रत्येक वेळी तिला जास्त स्पष्ट कळत होतं की हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेलाच नव्हता. वीस वर्षं तो न बघता हात मागे करत आला, आणि त्याला मी भरवसा म्हणत आले, आणि असेलही तो भरवसा. पण न बघणाऱ्याला दिसत काय असणार? माझ्या हाताला काही येतं, हे ह्यांना माहीत तरी होतं का? की टाक्या आपोआप बंद होतात असंच वाटत होतं, दिवस उगवतो तशा? आणि मग काल तो अंगठा… तो अंगठा लागला तेव्हा निदान पहिल्यांदा ह्यांना कळलं असेल की इथे झाकण आहे, ते कुणीतरी लावतं, आणि ते लागतं ते कुणाच्या तरी हातामुळे. अपमान होता तो. होताच. पण वीस वर्षांतली पहिली दखलही तीच होती, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढायला ती गेली तर त्या निघेनात.

लाकूड कडाडलं. बुंधा कललाच नाही असं क्षणभर वाटलं, मग टोक आभाळावरून सरकायला लागलं, आणि झाड आलं ते सरळ मोकळ्या जागेत, खोलीच्या पत्र्याला धक्काही न लावता. जमीन पायांखाली हादरली. तारांवरच्या चादरी फुगून परत खाली बसल्या. दवाखान्याच्या मागच्या खिडक्यांत माणसं गोळा झाली होती आणि सावकाश, जसं काही सगळं त्यानेच केलं असावं, त्यांना हात करत होता.

भुसा खाली बसेपर्यंत तो बुंध्याजवळ उभा राहिला. मग मशीन घेऊन सरळ तिच्याकडे आला. मशीन कोरडं होतं. तिने बघितलं, आणि त्यानेही बघितलं. त्याने ते दोघांच्या मधे जमिनीवर ठेवलं, हातमोजे काढले.

“आता सांग. काय केलंस तू?”

“टाकी बंद केली.”

“मी पण तेच करत होतो ना. मला दाखव.” आणि थोडं थांबून, मांडीवरची ओली विजार चिमटीत धरून कातडीपासून दूर करत, “खरंच विचारतोय. मला माहीतच नाही गं तू काय करतेस ते.”

हे तो सहज म्हणाला. त्याच्या आवाजात मऊपणा नव्हता, खरखर होती, लाकडाची भुकटी घशात गेलेली. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि तिने ते भुशावर ढकललं, बोटाने पुसलं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आधी उलटं फिरवायचं, एवढंच. एका वाक्याचं काम, आणि ते सांगितलं की उद्यापासून हे स्वतःच करतील, चांगलं करतील, हात त्यांचाही वाईट नाही. मग मूठ कुणाच्या तळव्यात ठेवायची ते उरणार नाही. आणि नाही सांगितलं, तर ज्या दिवशी मला ताप असेल, मुलीकडे गेलेली असेन, त्या दिवशी अर्ध्या कापलेल्या झाडाखाली हे ओल्या मांडीने उभे असतील. म्हणजे सांगायलाच हवं. ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि ती करतही नव्हती. वाक्य जिभेवर तयार होतं.

सावकाश दोर गुंडाळता गुंडाळता जरा जवळ सरकला, त्यालाही ऐकायचं होतं. नवरा हातमोजे एका हातातून दुसऱ्या हातात घेत तिच्या तोंडाकडे बघत होता. झाडाकडे नाही, वाऱ्याकडे नाही. घाई त्याला होती, अजून बुंध्याचे तुकडे करायचे होते, ऊन उतरायला लागलं होतं, तरी तो उभा होता; तिच्यासाठी तो कधी असा थांबला असेल, तर तिला आठवत नव्हतं.

सांगणार होती ती. नक्की सांगणार होती. फक्त त्याने असंच आणखी थोडा वेळ उभं राहायला हवं होतं.